बाणातला ण

मी जन्मभर मराठी शिकवली. त्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, जावयाचे मेसेज, कुणालाही सोडलेलं नाही. घरचे म्हणतात, हिला देवळात नेऊ नका, ही आरतीतल्या चुका काढत बसेल. आणि अशा मला रोजच्या बससाठी थांबा मिळाला तो पाणचक्कीचा.

थेरगावातून आकुर्डीच्या शाळेत जायला मी तिथं उभी राहायचे. चक्कीचा पत्ता नव्हता. ओढा होता तिथं आता रस्त्याखाली पाइप आहे, आणि वर गाड्या लावण्यावरून भांडणं. पाणी दिसेनासं झाल्यावर लोकांनी 'पाण'चं 'पान' करून टाकलं, आणि नेमकी थांब्याला खेटून पानाची टपरी आली. टपरीवाला बीडकडचा. तो सरळ सांगायचा, "बाई, जागेचं नावच पानचक्की ऐकलं. म्हटलं, इथं गिऱ्हाईक तयारच असंल." चुकीच्या शब्दावर आला आणि त्यावर मस्त जम बसवला. मला त्याचा राग यायचा, पण मसाला पान तो असं लावायचा की राग फार टिकत नसे.

टपरीसमोर एक गोल दगड पडलेला होता, मध्ये भोक असलेला. त्यावर आबा बसायचे. ते मूळ गावातले. चक्की त्यांच्या आज्याची होती आणि हा तिचा वरचा दगड. ओढ्याचं पाणी पाटानं येऊन खालच्या चाकावर पडायचं आणि वर हा दगड गरगर फिरायचा. आसपासच्या गावांतून लोक ज्वारी-बाजरी घेऊन यायचे. नंबर येईपर्यंत बसल्याबसल्या सोयरिकी जुळायच्या, आणि कधीकधी दळण संपायच्या आत मोडायच्याही. आबांच्या आईनं त्यांच्या वडलांना तिथंच पाहिलं. पोरगा काय गोरापान आहे म्हणून तिनं होकार दिला. ते सगळं पीठ होतं, हे लग्नाच्या हळदीनंतर आंघोळ झाली तेव्हा कळलं. पुढं विजेची गिरणी आली आणि चक्की थांबली.

तर मध्यंतरी चौकातल्या मंडळानं थांब्यावर पाटी लावायचं ठरवलं. सकाळी पेंटर पत्रा घेऊन आला. मी बसची वाट बघत होते.

"आबा, नाव सांगा," तो म्हणाला.

"पानचक्की."

त्यानं ब्रश टेकवला. आबा लगेच म्हणाले, "पानाची न्हाई रं. पान्याची."

पेंटर आधी चाकणला एका कंपनीत फिटर होता. तो म्हणाला, "इथं पाने बनायचे? रिंग पाने का फिक्स?"

टपरीवाला हसून हसून खोकायला लागला. घोटाळा माझ्या लक्षात आला. गावच्या जुन्या बोलण्यात ण नाहीच. पाण्याला पानी, कोणाला कोन. ज्या अक्षरासाठी माणूस भांडत होता, ते त्याच्या जिभेवरच नव्हतं.

"बाई, तुमी सांगा ह्याला," आबा म्हणाले.

"ण लिहा," मी म्हटलं. "बाणातला ण."

"व्हय. बानातला न," आबांनी त्याला नीट समजावलं.

"मग तोच तर काढतोय," पेंटर म्हणाला.

मलाही हसू फुटलं. आबा माझ्याकडे वळले.

"हसू नका, बाई. ओढा गेला, चाक भंगारात गेलं. आता नाव तेवढं हाय. ते बी पानावर गेलं, तर उद्या माज्या आज्याला लोक पानवाला म्हनत्याल."

मला फार वाईट वाटलं. माझी बस आली, आणि मी ती जाऊ दिली. पर्स उघडून लाल पेन शोधायला लागले. पण आबांना तेवढा धीर नव्हता. ते उठले, टपरीवाल्याची पानं भिजवायची बादली उचलली आणि त्या दगडावर पालथी केली. दगडावरून, पेंटरच्या चपलांवरून आणि माझ्या साडीच्या काठावरून पाणी गेलं. नेमकी चार पानं दगडाला चिकटली. पेंटर तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी ती हातानं झटकली.

"ह्याची," ते म्हणाले. "ह्याची चक्की व्हती."

पेंटरनं चपला झटकल्या. "मग पाणी म्हणा की, राव."

"सकाळधरनं काय म्हनतोय मग?"

त्यानं पत्रा पुसला आणि ण काढला, चांगला ठसठशीत. पाटी वर चढली तेव्हा दुसरी बसही निघून गेली होती. आबा पाटीखाली उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. चष्मा वरखाली केला आणि एकेक अक्षर सावकाश वाचलं.

"पा-न-चक्की."

मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका खूश होता की माझं उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

"बरोबर वाचलंत, आबा," मी म्हटलं.

टपरीवाला एका पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मग बाई, इतकी वर्षं माझं बी बरोबरच होतं की."