पालकसभेत एकही भाषण झाले नाही

सत्तावीस वर्षे मी महाविद्यालयात बालविकास हा विषय शिकवला आणि त्या संपूर्ण काळात एकाही मुलाचे नाक पुसले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. निवृत्तीनंतर बुधवारा मोहल्ल्यात दोन खोल्या आणि एक अंगण भाड्याने घेऊन मी बालघर सुरू केले, ते बहुधा या ओशाळेपणापोटीच. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने माझ्या साडीच्या निऱ्यांना तोंड पुसले आणि माझ्या खऱ्या शिक्षणाला आरंभ झाला.

त्या वर्षी अकरा मुले होती. आम्ही त्यांना लिहायला बसवत नव्हतो. ती कणीक मळत, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतत, सुताराकडून आणून घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे रचत, गोष्टी ऐकत आणि दुपारी गाढ झोपत. पेन्सिलीआधी बोटांनी काय काय करावे, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आले होते. आता ते डोळ्यांसमोर घडत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला रोज सकाळी पायऱ्या दोन-दोन चढाव्याशा वाटत.

दिवाळीनंतर एका मुलाचे आजोबा आले. केळीचे व्यापारी, आवाज बाजारात घडलेला.

"मॅडम, तुमच्याकडं सफाई आहे, नाश्ता टाइमवर आहे, सगळं बढिया. पण तीन महिने झाले, पोरगा नुसता खेळू राहिला. शेजारचा पोरगा ए टू झेड म्हणते, आमचा म्हणते हात धुवा! आमच्या गल्लीतले सातही पोरं सोमवारपासून दुसऱ्या स्कूलमध्ये टाकतो."

अकरांतून सात गेल्यावर बालघर उरणार नव्हते. उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले आणि म्हणाले, "शनिवारी पालकसभा आहे."

पालकसभा नव्हतीच. ती मी त्या क्षणी जन्माला घातली होती.

माझ्या सहकारी मावशी खकनार गावाकडच्या. स्वतःची चार मुले वाढवून आलेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अन् सभेत काय कराल?"

"भाषण लिहीन."

"लिहाल तुम्ही, पण बोलन कोण?"

भाषण सात पानांचे झाले. शनिवारी पालक सतरंजीवर बसले, मुले त्यांच्या मांडीवर. वर्गात सत्तावीस वर्षे बोललेली मी उभी राहिले, "आदरणीय पालकहो" म्हणाले, आणि पाने हातात असूनही पुढचे सर्व शब्द मला सोडून गेले. सगळे वाट पाहत होते. मीही पाहत होते.

आमच्याकडे रोज एक मूल 'आजची ताई' किंवा 'आजचा दादा' असते. त्याने घंटी वाजवल्याशिवाय हात धुणे, खेळणे, खाणे, काहीही सुरू होत नाही. त्या दिवशीची ताई साडेतीन वर्षांची होती. तिने माझे बोलणे संपले असा अगदी योग्य निष्कर्ष काढला आणि घंटी वाजवली.

"चला, हात धुवा. लाईन!"

पालक हसले.

"हसून झालं का?" तिने हुबेहूब मावशींच्या सुरात विचारले.

आणि ते उठले! अंगणातल्या नळापुढे पालकांची रांग लागली. आजोबा मधूनच घुसू लागले.

"आजोबा, मागे."

"मी मोठा आहे ना, बेटा."

"मग मागून दिसतं तुम्हाला."

आजोबा मागे गेले. मी दाराची चौकट घट्ट धरली, कारण हसू पोटातून वर येत होते.

पुढचा तास त्या ताईचाच होता. दोन वडील कणकेच्या चकल्या पाडण्यात बुडून गेले. आजोबा नातवाशेजारी बसून ठोकळे रचू लागले. मनोरा पडला. पुन्हा रचला, पुन्हा पडला.

"आजोबा, मोठा खाली ठेवा. छोटा खाली ठेवला की पडते."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही. पडला ना!"

आजोबांनी मोठा ठोकळा खाली सरकवला. मग हळूच म्हणाले, "माझ्या नाकापर्यंत जायला अजून किती लागतील?"

नातवाने मान वाकडी करून नाकाकडे पाहिले. "पाच."

सहा लागले. "तुम्ही नाक वर केलं," नातू म्हणाला.

घंटी झाली. "आता आवरा," ताईने फर्मावले.

"एकच, बेटा. फक्त वरचा एक!" आजोबा गयावया करू लागले. मावशींनी पदर तोंडात कोंबला. मी मात्र मोठ्याने हसले, इतकी की सातही पाने हातून सुटून पाण्याच्या टबात पडली, आणि कोणीतरी लगेच त्यांच्या होड्या करायला घेतल्या.

निघताना आजोबा चपला घालत थांबले. "पण मॅडम, लिहायचं कधी?"

त्या दिवसाचे माझे पहिले पूर्ण वाक्य तेव्हा बाहेर पडले. "ज्या बोटांनी त्याने सहावा ठोकळा न पाडता ठेवला, ती बोटे थोडी आणखी पक्की झाली, की तो स्वतःच पेन्सिल मागेल."

आजोबांनी नातवाचा हात उलटून पाहिला, फळ पारखावे तसा. "सोमवारी आणतो. पण नाही मागितली, तर मग मी आहे अन् तुम्ही आहा!"

सोमवारी सातांपैकी सहा आली. सातव्याच्या आईला बालघर पटले होते, तिच्या सासूबाईंना नाही. मी दारात उभी राहून दहा डोकी दोनदा मोजली. मावशींनी शिरा अकरांसाठी केला होता. उरलेली वाटी मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाल्ली. अकराव्या मुलाची आठवण येत होती, आणि तरीही हसू काही केल्या आवरत नव्हते.