एका टक्क्याची सूट

घर घ्यायचं म्हणजे दर महिन्याला हप्ता भरायचा, एवढंच मला कळत होतं. नालवाडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट पसंत पडला आणि एकेक खर्च डोकं वर काढू लागला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बँकेची फी, कर्जाचा विमा. वर घरपट्टी, ती तर कर्ज फिटलं तरी संपायची नाही. नवरा कागदावर आकडे मांडायचा आणि मी चिडायचे. माझ्या पगारातून हप्ता जाणार, त्याच्या पगारात घर चालणार, असं ठरलं.

मग वकिलांनी सांगितलं, खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवरा खूश झाला. सासरे गप्पच राहिले. वडनेरचं शेत विकून सुरुवातीची रक्कम तेच देणार होते.

ते बोलले ते थेट नोंदणी कार्यालयात. आमचा नंबर जवळ आलेला, घर विकणारा समोर बसलेला.

"वावर माहं इकलं, अन् घर सुनेच्या नावावर काऊन?" ते नवऱ्याला म्हणाले.

"बाबा, पैसे वाचून राह्यले ना."

"चेक माह्या खिशात हाय. तुहं नाव नाई, तर चेक नाई."

कर्ज फिटेपर्यंत पगार माझा कापला जाणार, आणि माझं नाव यांना जड झालं? ते नाव तरी कशापायी, तर एक टक्का वाचतो म्हणून! तोंड उघडलं असतं तर व्यवहारच मोडला असता, म्हणून दातओठ खात उभी राहिले. नवरा फरशीकडे बघत होता. त्याचाही मला रागच आला.

तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या सासूबाई उठल्या. चारचौघांत त्या सासऱ्यांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या.

"त्या वावरात उभा जनम म्या निंदण केलं. इकताना मले इचारलं का तुमी? द्या तो चेक."

आमचा नंबर पुकारला. सासऱ्यांनी कुणाकडेही न बघता खिशात हात घातला.

मी सही केली. बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला ओढलं.

"आता तुले या घरातून कोणी भाईर काढू शकत नाई ना?"

"हप्ते भरले तर नाही, आई."

"मंग भरजो," त्या म्हणाल्या. "एक बी चुकवू नको."