गाळलेली नोंद

आमच्या बाणेरच्या ऑफिसात सत्यशीला गजभियेंच्या फाइलला हात लावायची कुणाची छाती होत नाही. शेकडो मशीन दिवसभर बारीकसारीक नोंदी पाठवत असतात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ती कॉन्फिग फाइल ठरवते. बाईंनी तिच्यात जागोजागी मराठीत शेरे लिहून ठेवलेत. 'ही ओळ बदलण्याआधी मला विचारावे. मी नाहीच म्हणेन.' आम्ही त्यांना टरकून असतो, आणि त्या रजेवर गेल्या की आम्हाला करमत नाही.

तरी काल आमच्यातल्या राकेशने शहाणपणा केलाच. प्रत्येक मशीन 'मी ठीक आहे' असं सतत कळवत राहतं. त्याला तो कचरा वाटला, म्हणून त्याने बाईंच्या फाइलमध्ये ती नोंद गाळायला लावली. आज सकाळी एक मशीन बंद पडलं आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नाही.

"अरे, बंद पडलेलं मशीन ओरडत नाही, गप्प बसतं!" बाई कडाडल्या. "रोज तेच सांगणारा गप्प झाला, की आपण काळजी करायची!"

हाच शेरा फाइलमध्ये लिहिताना त्या मध्येच थांबल्या. जेवणाच्या सुट्टीत वर्ध्याहून त्यांच्या आईचा रोज फोन येतो. मी बरी आहे, तू जेवलीस का, एवढंच बोलणं. आज तो आलाच नव्हता.

बाईंनी घाईघाईने फोन लावला आणि स्पीकरवरच ओरडल्या, "आई, आज फोन का नाही केलास?"

पलीकडून शांत आवाज आला, "काल तूच म्हणाली होती न, रोज तेच ते नको सांगू म्हणून."