परतवाड्याहून रेखाच्या पाळीपर्यंत

परतवाड्याहून अमरावतीची बस सुटली तेव्हा मला हायसं वाटलं. पुण्याहून चिखलदऱ्याला विश्रांतीसाठी गेले होते, पण जीव एका जागी रमेना. आता अकोल्याला बहिणीकडे निघाले होते.

शेजारी शेवंताबाई बसल्या होत्या आणि खिडकीशी त्यांची सून रेखा. रेखाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा अमरावतीच्या दवाखान्यात डायलिसिस करावं लागे. उपचार फुकट झाले, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, म्हणून हे जमतंय, असं शेवंताबाईंनी सांगितलं. रेखा खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिचे सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

वलगावच्या अलीकडे बस बंद पडली. मागची बस येईल, असं कंडक्टर म्हणाला. मी कडेला येरझारा घालू लागले. शेवंताबाई मात्र थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. संत्र्यांचा एक टेम्पो करकचून ब्रेक लावत थांबला. चालक रहीमभाई आधी तडकले, मग रेखाकडे बघून त्यांनी केबिनचं दार उघडलं. त्या दोघी पुढे बसल्या, मी मागे क्रेटवर. मी कशाला चढले, हे मला अजून सांगता येत नाही. तिथे नुसतं उभं राहवेना, एवढंच.

दवाखान्यात पोचलो तर रेखाच्या मशीनवर नांदगाव खंडेश्वरचे एक म्हातारे गृहस्थ होते. कुणी वेळेवर आलं नाही की त्याच्या जागी ताटकळणाऱ्याला घेतात. शेवंताबाईंचा आवाज चढला. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, आधी लोक घरीच मरत होते,” ती म्हणाली. “फुकट झालं तसे येऊन राहिले. चांगलंच झालं. पण मशिनी तेवढ्याच हायेत, अन् आमीबी तेवढेच.”

शेवटची पाळी संपल्यावर ती रेखाला घेणार होती, पण निम्म्याच वेळासाठी.

“तिकीट अर्धं चालते, बाई,” शेवंताबाई म्हणाल्या. “रक्त अर्धं धुऊन कसं चालन?”

पलंगावरून ते म्हातारे म्हणाले, “माह्यं लवकर काढा. पोरीले द्या.”

सिस्टरने नकारार्थी मान हलवली. त्यांनाही पुरा वेळ लागत होता.

संध्याकाळी रेखाला निम्मं डायलिसिस मिळालं. तिचा श्वास जरा सैल झाला, तेव्हा कुठे शेवंताबाईंचा नंबर घेऊन मी अकोल्याची बस धरली. बहिणीकडेही मला स्वस्थ बसवलं नाही.

पुण्यात परतल्यावर मोफत उपचारांची बातमी पेपरात दिसली. पूर्वी मी ती वाचून समाधानाने पान उलटलं असतं. या वेळी शेवंताबाईंना फोन लावला.

रेखा आत मशीनवर होती. पाळी वेळेवर लागली, पुरा वेळ भेटून राहिला, असं त्या म्हणाल्या. मला आनंद झाला. मशिनी वाढल्या का, मी विचारलं.

“नाई जी,” त्या म्हणाल्या. “ते नांदगावचे बुवा आता येत नाईत. ताटकळनारं एक माणूस कमी झालं.”