धुळ्याच्या खाणावळीतली काळी भाकरी

खानदेशातल्या दिवसांविषयी लिहा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. कोकणावर लिहिलं, म्हैसूरवर लिहिलं, बद्रीनाथला जाऊन आलो त्यावरही लिहिलं. जळगाव-धुळ्याचं नाव निघालं की विषय बदलत आलो. आता ऐंशी ओलांडली आहे. आणखी टाळलं तर हे माझ्याबरोबरच जाईल, आणि ते माझ्याबरोबर जाणं बरोबर नाही.

दुष्काळाच्या साली, पावसाळा कोरडा गेल्यावर, मी जळगावच्या स्टेशनावर उतरलो. पुण्याच्या एका कारखान्याच्या ऑइल इंजिनांचा आणि पंपांचा मी फिरता विक्रेता होतो. दुसरा एक उद्योगही होता. पुण्याच्या एका साप्ताहिकात मी परगावच्या हॉटेलांविषयी आणि खाणावळींविषयी लिहीत असे. खाली नाव नसे, ‘एक प्रवासी’ एवढंच छापलं जाई. चार गावचं पाणी प्यायलेला माणूस म्हणून मित्रांत माझा मान होता आणि तो मला फार आवडत होता.

जळगावचं पहिलं दर्शन धुळीचं. स्टेशनासमोर टांगे उभे होते, घोड्यांच्या बरगड्या दिसत होत्या. पहिल्या हॉटेलात चहा मागितला तर तो इतका गोड की ओठ चिकटले. दुसऱ्यात शेवभाजी (तिखट रश्श्यात बुडवलेली जाड शेव) आली. वर बोटभर लाल तेल. दुष्काळात विहिरींना पाणी नाही आणि वाटीत मात्र तेल तुडुंब, असं वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं आणि मी खूश झालो. जेवण अर्धं टाकलं.

मग एका बाजारपेठेतल्या मारवाडी बाश्यात (व्यापाऱ्यांसाठीच्या खाणावळीत) गेलो. पाटावर बसून जेवायचं, कांदा-लसूण नाही, फुलक्यांवर तूप. स्वच्छता वाखाणण्याजोगी होती. शेजारी बसलेल्या कापडाच्या व्यापाऱ्याला मी विचारलं की या शहरात चांगलं जेवण कुठे मिळतं. तो माझ्याकडे जरा नवलानं पाहत म्हणाला, “घरी.” मला वाटलं, चेष्टा करतोय. असल्या उत्तरावर लेख होत नाही, म्हणून मी ते विसरून गेलो.

असे काही आठवडे गेले. पाचोऱ्याला भजी खाल्ली, ती बाधली. जंक्शनवरच्या बाकड्यावर पोट धरून गाडीची वाट पाहिली. कुठे डाळ पातळ, कुठे भात चिकट, कुठे पाण्याच्या पेल्याला वास. गावोगावी लोक पाण्यासाठी रांगा लावून उभे होते आणि मी वासाची तक्रार लिहीत होतो. तेव्हा मला त्यात काही गैर दिसलं नाही. या प्रदेशाला खाणंच कळत नाही, असं माझं मत पक्कं झालं होतं. मत एकदा पक्कं झालं की तोंडाला चवच लागत नाही, हे मला कळायचं होतं.

थंडीच्या सुरुवातीला एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करपलेली शेतं. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत मला एक खाणावळ सापडली. एक बुटकी खोली, चार बाकं, मागे चूल. ती चालवणाऱ्या नवरा-बायकोला सगळी गल्ली आबा आणि अक्का म्हणत होती, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो. आबा दारात बसत आणि येईल त्याची फिरकी घेत. मी पंप विकतो हे कळल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“विहिरीत पाणी नही आनि तुमी पंप इकतस,” ते म्हणाले. “आमनाकडे ज्वारी नही आनि आमी भाकर इकतस. आपला धंदा एकच शे, भाऊ.”

गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो, पण मला ते थोडं लागलं. दोन दिवस तिथे जेवलो. पोळी आणि डाळच मिळाली, कारण ज्वारी महाग झाली होती. तिसऱ्या दुपारी अक्का स्वतः ताट घेऊन आल्या. उंच बाई, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं खड्या आवाजात. त्यांनी विचारलं की घर कुठे, घरी कोण. पुण्याला म्हातारी आई एकटी असते, असं मी सांगितलं.

“मंग आज तुमले मना हातनी भाकर खावानी शे,” त्या म्हणाल्या. (मग आज तुम्हाला माझ्या हातची भाकरी खायची आहे.)

ताटात भाकरी होती. तिचा रंग काळपट, राखेत ओल मिसळावी तसा. मी आयुष्यात पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी पाहिलेली. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या ताटांत पोळ्याच होत्या. ही काळी भाकरी एकट्या माझ्या ताटात. रेशनवर परदेशातला लाल मिलो (ज्वारीसारखं हलकं धान्य) येतो, त्याची भाकरी काळपट होते, असं मी ऐकून होतो, पाहिलेली नव्हती. मी मनाशी हिशेब जुळवला, परका माणूस पाहून याला रेशनचं धान्य खपवतायत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. मी निम्मी भाकरी खाल्ली आणि पोट भरल्याचं सांगितलं. अक्का जरा वेळ ताटाकडे बघत राहिल्या, मग ते उचलून आत गेल्या.

त्याच संध्याकाळी मी लेख लिहिला. जळगावचं तेल, पाचोऱ्याची भजी, आणि शेवटी धुळे. आग्रा रोडमागच्या आबांच्या खाणावळीत गरिबांच्या तोंडचं रेशनचं धान्य भाकरी करून विकलं जातं, असं मी लिहिलं. गल्लीची खूणही दिली. संपादकांनी लेख आवडल्याचं कळवलं. धुळ्याचं काम नंतर कंपनीनं दुसऱ्या माणसाकडे दिलं आणि मी जळगावातच राहिलो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. थंडीत फैजपूरच्या एका बागाईतदारानं, त्यांना सगळे नाना म्हणत, माझ्याकडून इंजिन घेतलं आणि मला केळीच्या बागेत भरीत खायला बोलावलं. तुरकाठ्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती, बाया मिरच्या कुटत होत्या, माणसं घोंगड्यांवर पसरली होती. धुराचा तो वास अजून नाकात आहे. वर्षभर मी ज्या प्रदेशाला नावं ठेवली, त्याचं जेवण मी त्या दिवशी पहिल्यांदा जेवत होतो. नानांना मी म्हणालो की इतक्या महिन्यांत हे मला कुठल्याच हॉटेलात मिळालं नाही.

“हॉटेलात कोण जेवतं, साहेब?” नाना म्हणाले. “ज्याचं गावात कोणी नाही तो. त्याला आम्ही काय वाढणार? त्याला घरी नेतो.”

मग माझ्या पानावर भाकरी पडली. काळपट, तशीच. मी हात आखडता घेतला. नाना म्हणाले, घ्या, ही कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद, सालीसकट, घालून दळायचे. गेल्या वर्षी ही कोणाच्याच घरी झाली नाही, उडीद होते कुठे? ज्याच्याकडे मूठभर होते त्यानं ते पाहुण्यासाठी राखून ठेवले.

नाना पुढेही बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं. मी ती भाकरी पूर्ण खाल्ली.

त्या आठवड्यात मी धुळे गाठलं. खाणावळीच्या जागी सायकलींचं दुकान होतं. समोरच्या शिंप्यानं मशीन न थांबवता सगळं सांगितलं. पुण्याच्या कुठल्याशा पेपरात आलेलं इथल्या पेपरानं पुन्हा छापलं. मग एक अधिकारी आला. तो या मुलखातला नव्हता. डब्यात काळं पीठ बघून त्यानं खोलीला सील लावलं. आबांना कचेरीच्या बाकावर बसवून ठेवलं, येणारे-जाणारे बघत होते. पिठात काही निघालं नाही. पण ते कळेपर्यंत महिने गेले, आणि बंद खोली किती दिवस ठेवणार म्हणून मालकानं ती दुसऱ्याला दिली. गल्लीत कोणाचा विश्वास बसला नव्हता, असं शिंपी म्हणाला. “आम्ही तर रोज जेवणारे. पण आमचं कोण छापतो?”

आबा-अक्का पारोळ्याला अक्कांच्या भावाकडे होते. मी एस.टी.त बसलो. वाटभर वाक्य घोळवत होतो: अक्का, तो लेख मी लिहिला. एवढंच म्हणायचं आणि पुढे जे होईल ते होऊ द्यायचं.

घर किल्ल्याच्या बाजूला होतं. अक्कांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारली, अहो, ते पंपवाले भाऊ आलेत. आबा ओट्यावर आले, नमस्कार केला, भिंतीला टेकून बसले. त्यांनी माझी फिरकी घेतली नाही. अक्का हळू आवाजात म्हणाल्या की कचेरीतून आल्यापासून असंच आहे. परक्यासमोर तोंड उघडत नाहीत.

मी तोंड उघडलं. पण अक्काच आधी बोलल्या.

“कोनी लिखं, माले माहीत नही,” त्या म्हणाल्या. “तेनी मना घरनी भाकर खादी बी नसी. खादी ऱ्हाती ते असं लिखता नही.” (कोणी लिहिलं मला ठाऊक नाही. त्यानं माझ्या घरची भाकरी खाल्लीही नसेल. खाल्ली असती तर असं लिहिलं नसतं.)

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, तुमी शिकेल शेतस. तुमीच लिखा ना पेपरमा. म्हना, ती भाकर रेशननी नव्हती. यासना साठे लिखा.” त्यांनी आबांकडे बोट दाखवलं. आबांनी मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत आशा होती. ती मी कधी विसरलो नाही.

मला ते वाटभर घोळवलेलं वाक्य म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते भलतंच. “अक्का, त्या दिवशी भाकरी फार छान झाली होती.”

अक्का हसल्या. “मंग तेच लिखा, भाऊ.”

लिहितो, असं सांगून मी उठलो. त्यांनी वाटेसाठी गुळाच्या दशम्या बांधून दिल्या. एस.टी. सुटली तेव्हा पुडकं मांडीवर होतं. मी ते उघडू शकलो नाही, जळगावला एका हमालाला देऊन टाकलं. वर्षभरात बदली मागून घेऊन पुण्याला परत आलो. साप्ताहिकात लिहिणं सोडलं. मित्रांना वाटलं, कंटाळा आला असेल.

अक्कांनी सांगितलेलं मी लिहिलं नाही, कारण ते लिहायचं तर आधीचं कोणी लिहिलं हेही सांगावं लागलं असतं. लोक काय म्हणतील, संपादक काय म्हणतील, नोकरीवर काय येईल, असे विचार करत राहिलो. मग संपादक गेले, साप्ताहिक बंद पडलं, नोकरी संपली, आणि म्हणणारं कोणी उरलं नाही. तरी लिहिलं नाही. काही वर्षांपूर्वी पारोळ्याकडचा एक माणूस भेटला. त्याला विचारलं. आबा लवकरच गेले होते. अक्का पुष्कळ जगल्या, त्यानंतर गेल्या.

ती भाकरी रेशनच्या धान्याची नव्हती. तिच्यात अक्कांनी राखून ठेवलेले उडीद होते, आणि त्या दुपारी त्या खोलीत पाहुणा मी होतो.

अक्का, तो लेख मी लिहिला.