कोफीचा रखडलेला बाप्तिस्मा

जपानमध्ये कचरा ठरल्या वारी उचलून नेतात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच जातात. मोठ्या भूकंपानंतरची काही वर्षं मी कंपनीच्या पोस्टिंगवर उरायासूत होतो आणि रविवारी एका आफ्रिकन मंडळीच्या उपासनेला जायचो. माझ्याकडचे बहुतेक किस्से तिथलेच!

पाळक घानाचे, पास्टर सॅम्युएल. पहिल्याच दिवशी माझा हात दाबून म्हणाले, "इंडिया! तिकडे सुवार्ता कधी पोचणार?"

"पास्टर, आम्ही नगरचे. माझे पणजोबाच पाळक होते."

ते चक्क हिरमुसले. गळाला लागलेला मासा पणजोबांच्या काळातच कोणीतरी नेला होता!

*

शिष्य घडवायची त्यांची पद्धत कडक. प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना. त्याने रोज फोन करायचा, आठवड्याला एकदा सोबत जेवायचं.

त्यांच्या स्वतःच्या वाट्याला कोफी. हा त्यांच्याच गावचा, जेवणाचे डबे भरायच्या फॅक्टरीत कामाला. माणूस लाख मोलाचा, पण शिफ्ट सुटली की कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, बिअरचा कॅन घेणारच! पास्टरांचा हेका एकच, "आधी स्वच्छ हो, मग बाप्तिस्मा." अशी वर्षं गेली. गावाहून आई दर रविवारी फोनवर विचारायची, "झाला का रे?" फोन ठेवल्यावर कोफीचा चेहरा बघवायचा नाही.

*

एकदा पास्टर गरजले, "प्रभू पृथ्वी हलवील!" आणि नेमका आफ्टरशॉक आला. अख्खी मंडळी गुडघ्यांवर! मंडळीतल्या एकमेव जपानी बाई, सातो-सान, शांतपणे उठल्या. गॅस बंद केला, दार उघडून ठेवलं आणि मगच गुडघे टेकले.

"सातो-सान, विश्वास इतका कमी?" पास्टरांनी नंतर विचारलं.

"विश्वास आहे ना. पण गॅसही आहे!"

*

सेंदाईजवळच्या एका निवारा केंद्रात आम्ही जेवण घेऊन गेलो होतो. टोमॅटो-मिरचीचा घानाचा भात, कोफीने रांधलेला. दोन घास खाताच आजी-आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

पास्टरांनी दोन्ही हात वर केले. "बघा, पवित्र आत्मा काम करतोय!"

कोफी माझ्या कानात म्हणाला, "ब्रदर, आत्मा नाही. मिरची."

एका आजींनी नाक पुसत, "ओइशी, छान आहे," म्हणून बशी पुन्हा पुढे केली. त्सुनामीत घर वाहून गेलेलं माणूस आपलं मन राखतंय, हे मला फार लागलं. कोफी मात्र परत येताना खुशीत होता. पास्टरांना म्हणाला, "आता तरी?"

"काल रात्री बिअर?"

कोफी खिडकीबाहेर बघायला लागला.

*

मग जानेवारीत डेव्हिड नावाच्या एका नव्या माणसाचा बाप्तिस्मा ठरला. आमच्याकडे माणूस पूर्ण बुडवावा लागतो, आणि नदी तर गारठलेली! सातो-सानच्या ओळखीने एक सार्वजनिक स्नानगृह सुट्टीच्या दिवशी मिळालं. मालक एक म्हातारे आजोबा. पास्टर आणि डेव्हिड अर्ध्या चड्डीवर, कोफी टॉवेल धरून उभा, सातो-सान दारातून भाषांतर करताहेत.

पास्टर गरम पाण्यात पाय टाकणार, तोच आजोबा आडवे आले. "आधी तिकडे बसून साबणाने अंग घासा! अस्वच्छ माणूस या पाण्यात उतरत नाही. इथला नियम आहे."

पास्टर वैतागले. "अहो, हा धुतला जायलाच तर उतरतोय! आधीच स्वच्छ असता तर त्याला या पाण्याची गरज काय?"

सातो-साननी भाषांतर केलंच नाही. त्या पास्टरांकडे बघत राहिल्या. डेव्हिडही. मीही. कोफीने तेवढी मान खाली घातली.

पास्टर एक बुटकं स्टूल ओढून बसले, साबण उचलला.

"कोफी, टॉवेल ठेव आणि शर्ट काढ. माझी पाठ घास. मग तुझी मी घासतो. आज तूही उतरतोयस."

आजोबांना यातलं काहीच कळलं नाही. ते लांबूनच ओरडले, "कानामागे विसरू नका!"