निचरा विभागातले बाबा

माझे वडील विश्वनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. सगळी नोकरी सांगलीकडे गेली, उसाच्या शेतांत साचलेलं पाणी चर खोदून काढून देण्यात. कुठे पाणी थांबलेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो. आमच्या सिंकमध्ये तुंबलं तर जेवण सोडून उठतात. अशा माणसाला मी फिरायला कुठे नेलं, तर पाणथळ राखीव जागेत. इकडे परदेशात, पामर्स्टन नॉर्थमध्ये, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं दुसरं होतं काय?

आई गेल्यावर, २०१६च्या हिवाळ्यात ते आले. आता इथेच राहा, म्हणून मी रोज विनवत होते. उन्हाची खोली त्यांना दिली, त्यांच्यासाठी शेपूसुद्धा लावला. उत्तर ठरलेलं. "इथे माझं काय काम, मृदुला? तुझा डिशवॉशर लावत बसू?" परतीचं तिकीट पुढल्या शनिवारचं होतं आणि बॅग दोन आठवडे आधीच सुतळीने आवळून दारात उभी केली होती. मी येता-जाता तिला ठेचकाळत होते. आत ठेवते म्हटलं की, "राहू दे, जायचंच आहे."

तिकिटाच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी त्या राखीव जागेतल्या लाकडी पायवाटेवरून चालताना त्यांची टकळी सुरू झाली.

"एवढी सोन्यासारखी जमीन, आणि डबकं करून ठेवलंय!"

"मुद्दाम केलंय, बाबा. पूर्वी गायींच्या कुरणासाठी चर खोदून इथलं पाणी काढलं होतं. आता चर अडवून परत आणलंय."

"सरकारने?"

"नाही, इथल्याच लोकांनी. सुटीच्या दिवशी येऊन, फुकट."

"घरी कामं नसतात का त्यांना?"

त्या लोकांत मीही आहे, हे मी गिळून टाकलं.

पुढे आमच्या गटाची म्होरकी नायरी भेटली, सत्तरीची, गमबुटात. "कीया ओरा, विश्वनाथ!" एवढा नमस्कारच केला बिचारीने. बाबांनी तिला तिथेच उभं करून निचऱ्यावर व्याख्यान दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत नुसतं 'छान छान'. बाबांना वाटलं, पटलं. माझं डोकं ठणकायला लागलं.

रविवारी सकाळी उठले तर बाबा गायब. जेवायच्या वेळेला उगवले. गुडघ्यापर्यंत चिखल, रबरी चपला हातात, आणि चेहरा असा खुललेला की आई गेल्यापासून मी तो पाहिला नव्हता.

"चहा टाक फक्कड. अगं, त्या कालच्या डबक्याकडे चराच्या तोंडाशी फळ्या अडकून पाणी तुंबलं होतं. उपटून मोकळं करून आलो. त्या बाईला सांग, काय झरझर उतरतंय!"

"अडकल्या नव्हत्या, बाबा! बसवल्या होत्या! मी बसवल्या होत्या!"

नायरीला फोन केला, माझ्या लेकीला, इराला, गाडीत कोंबलं आणि निघालो. वाटेत मी तोंडाला येईल ते बोलले. बाबा चपलांचा चिखल खरवडत होते.

तळं निम्म्यावर आलं होतं. लव्हाळ्याच्या बेटाला बांधून पाण्यावर तरंगणारं एक घरटं आता चिखलात बसलं होतं, आणि समोरच्या पाण्यात एक छोटा काळसर पक्षी नुसता गोल गोल फिरत होता.

"टिबुकली," बाबा हळूच म्हणाले. "आमच्या तलावात असायच्या. हिला धड चालता येत नाही गं. पाणी नसलं तर ही घरी जाणार कशी?"

आणि ते पँट न दुमडताच चरात उतरले. नायरी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती "नो वरीज" म्हणून शेजारी उतरली, आणि दोघांनी फळ्या परत बसवून फटींत चिखल आणि गवत ठासलं. वरच्या ओढ्याचं पाणी यायला लागलं, मुंगीच्या पावलाने. बाबा काठावर बसून राहिले.

"आयुष्यभर पाणी घालवलं मी," ते म्हणाले. "ते परत यायला किती वेळ लागतो, हे कधी बघितलंच नाही."

उन्हं कलली तेव्हा घरटं जरासं हललं. टिबुकली जवळ गेली, थांबली, आणि वर चढून बसली. बाबांनी डोळे पुसले. मातीचाच हात, त्यामुळे तोंडभर चिखल.

परतताना गाडीत म्हणाले, "ते तिकीट पुढे ढकलता येतं का गं? पिल्लं निघेपर्यंत लक्ष ठेवायला हवं. फळ्या मी काढल्या होत्या."

तीन महिने मी घसा कोरडा केला होता. पोटच्या मुलीसाठी नाही, आणि ओंजळभर पक्ष्यासाठी हे थांबणार! असा संताप आला की मी गाडी उगाच जोरात दामटली.

मागून इरा म्हणाली, "आजोबा, द बेबीज राइड ऑन देअर मम्स बॅक. फॉर वीक्स!"

"हो का?" बाबा म्हणाले. "मग तर घाई करून चालायचंच नाही."

घरात शिरताना मी पुन्हा बॅगेला ठेचकाळले. तोंड उघडणार, तेवढ्यात चिखलाने भरलेले बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सुतळीच्या गाठी चाचपत म्हणाले, "कात्री दे गं जरा. कपडे सगळे आत आहेत."